साडेचार इंचांची बैठक

तीर्थस्वरूप कोंडीराममामांस माकणीहून महारुद्रचा दंडवत. (कागदावरचाच समजावा. खरा घातला तर उठता येईल याची सध्या खात्री नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? हे रीत म्हणून विचारत नाही, अभ्यास म्हणून विचारतोय.

तुम्हाला ठाऊक आहे, पेटी मी कुणाकडं शिकलो नाही. मोबाईलवर बघून, एकवीस महिन्यांत, स्वतः. पण मोबाईलवाले फक्त बोटं दाखवतात, पाय दाखवत नाहीत. मांडी घातली की अकराव्या मिनिटाला (घड्याळ लावून पाहिलंय) उजवा पाय माझा राहत नाही. म्हणून साडेचार इंचांचा पाट घेतला. पाय सुटला, पण पेटी खाली गेली नि पाठ वाकली. पेटीखाली तिचंच खोकं सारलं, तर खांदे कानाला लागले. मग पाटावर अर्धं पोतं ज्वारी घेतली. ती भात्याच्या प्रत्येक हेलकाव्याला एका अंगाला सरकते. अभंग संपेस्तोवर माझं तोंड देवळाच्या दाराकडं झालेलं असतं.

परवा एकादशीच्या भजनात मी असाच बसलो होतो. वीणेकरी शिवप्रसादअप्पांनी मांडीवरची वीणा उचलून छातीशी धरली. वीणेच्या वर कुणी बसत नाही हे मला का माहीत नाही? पण पखवाजी धोंडीबाला राहवलं नाही. म्हणाला, "महारुद्रराव, अजून दोन इंच चढा, म्हंजी मारुतीच तुमच्या पाया पडंल." मी पोतं, पाट, खोकं सगळं काढलं. आरतीला सगळे उठले, मीही उठलो, पाय मात्र उठला नाही. थेट पखवाजावर गेलो. (डाव्या तोंडावर, जिथं ओली कणीक लावतात. माझ्या धोतरावर ती अजून आहे.)

आता मंडळानं ठरवलंय की सप्ताहात मी जमिनीवर बसून भजन निभावलं तर ठीक, नाहीतर काल्याला पेटी लोहारा गावच्या विरेशकडं. तो क्लासात शिकलेला. त्याची मांडी मी नजरेनं मोजली, माझ्याएवढीच आहे. तरी तो तासाभरानं मांजरासारखा उठतो. विचारलं तर म्हणतो, दोन अभंग झाले की पेटी दुसऱ्याला द्यावी नि पाय मोकळे करावेत. याचा पायाशी काय संबंध, मला कळलेलं नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
महारुद्र

ता. क. : मंडळ तुमच्या शब्दाबाहेर नाही. सगळ्यांनाच साडेचार इंचांचे पाट द्यावेत असं तुम्ही सुचवा. वीणा आपोआप वर जाईल. पाटाचं माप सोबत जोडलंय.

आणखी ता. क. : हे पत्र पेटीवर कागद ठेवून, जमिनीवर मांडी घालून लिहिलं. पाऊण तास झाला, पाय दुखला तर नाहीच, मुळी जाणवलाच नाही. म्हणजे प्रश्न सुटला. कसा, ते शोधतोय. पाटांचं राहू द्या.

मामांना उमादेवीचा नमस्कार. ह्यांना उठता येईना, म्हणून अजून लिहितोय असं दाखवत बसलेत. देवळात तालमीला आलेल्या विरेशभाऊजींना हाक मारली. ते धरायला आले तर हे म्हणतात, आधी पेटी धरा. शेवटी त्यांच्याच हातात दिली, तेव्हा कुठं हे उभे राहिले. आता भिंत धरून फेऱ्या मारतायत नि तिकडून सूर सांगतायत. पाय बरा हाय. तर दोन अभंगांनी पेटी सोडायची, एवढं तुम्ही ह्यांना लिहा. पाटाचं माप पाकिटात शोधू नका. चुलीत घातलंय.