अण्णांचं वाक्य

सलिल,

मी पालीला आईकडे चालले आहे. अण्णांची पेज झाकून ठेवली आहे, कोमट करून भरव.

अर्धांगाचा झटका आल्यापासून अण्णांना शब्द जुळवायला वेळ लागतो. ते बोलू लागले की आपण लगेच पाणी पुढे करतो, उशी सरकवतो, आणि ते गप्प होतात. काल मी त्यांच्याजवळ सुपारी सोलत होते. हात गुंतलेले, म्हणून नुसती ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांचं वाक्य पुरं झालं, "सूनबाई, तू फार दमलीस गं."

या घरात हे मला कुणीच म्हटलं नव्हतं.

टोपलीत सुपारी उरली आहे. आज तू सोलायला बस. त्यांचं बोलणं पुरं झाल्याशिवाय उठू नकोस. तेवढं जमलं, तर मला न्यायला ये. मलाही बोलायचं आहे.

आश्लेषा