घावने दोघींपुरते

आई,

तुम्ही खानावळीतून दहाला याल, तोवर मी तान्ह्या मंजूला घेऊन बोरीवलीच्या एसटी डेपोत असेन. मालवणची गाडी साडेअकराची आहे. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही "संसार टाकू नको गं" म्हणाला असतात, नि मी थांबले असते.

काल बांगड्याच्या तिखल्यात मीठ जास्त पडलं म्हणून ह्यांनी कढत टोप भिरकावला. मंजूचा पाळणा हातभर अंतराने वाचला. मग केस धरून माझं डोकं ओट्यावर आपटलं, तेव्हा तुम्ही तव्यावरचा तापलेला कालथा पोटच्या पोराच्या हातावर टेकवलात. माझ्या आईनेसुद्धा एवढं केलं नसतं. पण आज हे पिऊन आले की तुम्हाला सोडणार नाहीत.

म्हणून घावने दोघींपुरते केलेत, तुम्हाला आवडतात तसे जाळीदार. लसणीची चटणी घेतलीय. "बाईमाणसाला प्रवासात कसली भूक," म्हणत आजवर तुम्ही कधी गाडीतून उतरलाच नाहीत. महाडला उतरू, चहात बुडवून खाऊ. खिडकीची जागा तुमची.

नेसल्या साडीने या. ह्यांच्या हाताला तेल लावायला थांबू नका.

नलिनी