चार खणांचा डबा

८ मार्च १९९९

दोन खण पुरतात म्हणे! हे म्हणाले, हिलालभाऊजीही म्हणाले. वर्षभरात दोघा भावांचं एकमत झालं ते नेमकं यावर.

लग्नाचं शूटिंग करून दोघे कॅसेटी माझ्या टेबलावर आदळतात. त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या, कापायच्या, जोडायच्या, नावं टाकायची, मागे सनई लावायची — सगळं मी, घरच्या मागल्या खोलीत. नवं लग्न आत घ्यायचं तर जुनं पुसावं लागतं, इतकी जागा कमी. म्हणून बाहेरून जोडायचा डबा आणायचाय, एकाहून जास्त हार्ड डिस्क बसतील असा. आता तो किती खणांचा, हे कॅमेरा धरणारे ठरवणार!

मला विचारलं कुणी? छे.

१३ मार्च

सुकदेव येऊन गेला. कॉम्प्युटर दुरुस्त करतो, मुंबईहून मालही आणतो. तीन डबे सांगितले. एक दोन खणांचा. एक चार खणांचा, प्लास्टिकचा, दिसायला देखणा. तिसरा चार खणांचाच पण लोखंडी, मागे दोन पंखे, आवाज पिठाच्या गिरणीसारखा.

ह्यांना देखणा आवडला. अर्थात!

मी म्हटलं, जळगावचा मे महिना आठवा. जिनिंगचा कापूस उडतो तो आठवा, खिडकीच्या जाळीला चिकटून बसतो. प्लास्टिकच्या डब्यात डिस्क भाजून निघतील. हे म्हणाले, "तू आता इंजिनियर झाली का?" सुकदेव खाली मान घालून हसला. पण नंतर म्हणाला, "वहिनींचं बरोबर आहे." तेव्हा कुठे पटलं. तेच मी म्हटलं तर डोकं खाल्लं, त्याने म्हटलं तर सल्ला.

२ एप्रिल

डबा आला. लोखंडी. माझाच.

अक्का (माझ्या सासूबाई) काठी टेकत बघायला आल्या. चारही खणांत वाकून बघितलं. "चार खनना डबा, अन् भाकर एकमा बी नही!" म्हणाल्या. खूप दिवसांनी हसल्या. आबा (सासरे) गेल्यापासून त्या ओट्यावरसुद्धा बसत नाहीत.

सुकदेवने चारही डिस्क एकात एक बांधून दिल्या. व्हिडिओला वेग लागतो म्हणून. कॉम्प्युटरला आता त्या चार दिसत नाहीत, एकच मोठी दिसते. त्याने बजावलं — "प्रत्येक फाइलचे तुकडे चारही डिस्कवर जातात. एक जरी बाजूला काढली तर बठ्ठं, सगळंच गेलं. मूळ कॅसेटी जपा." मी हे दोघा भावांना ऐकवलं. हे क्रिकेट बघत होते. भाऊजी 'हो हो' म्हणाले.

१० एप्रिल

आज आबांची कॅसेट आत घेतली. मागच्या दिवाळीआधी भाऊजींनी सहज काढलेली, ओट्यावर बसलेले आबा. मोतीलाल ड्रायव्हर — आयुष्यभर एसटी चालवली, बोलायचेही तसेच, मधूनच करकचून ब्रेक! त्यानंतर महिन्याभरात गेले. त्यांचा आवाज आहे तो एवढाच.

अक्कांना बोलावून बसवलं. पडद्यावर आबा सांगत होते, "साक्रीना बाजारमा हाई बाई मनासंगे मिरच्यासवरथून भांडनी. तवयच मी ठराय, लगीन करसू ते इनासंगेच!"

मिरच्यांवरून भांडलेल्या अक्का पदर तोंडाला लावून हसल्या, मग रडल्या. मग म्हणाल्या, "परत लाव." संध्याकाळी पुन्हा येऊन बसल्या.

१८ एप्रिल

आखाजी, अक्षय्य तृतीया. आबांच्या नावाने पहिली घागर भरली. आमरस, सांजोऱ्या. जेवताना दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. यावलची ऑर्डर कुणी घेतली आणि कुणाच्या नावाने पावती फाडली, त्यावरून धुसफूस. आज बापाच्या नावाचा घास काढतानासुद्धा!

२१ एप्रिल

आखाजीला लेकी माहेरी जातात, मी सण झाल्यावर गेले. धरणगावला दोनच दिवस. वहिनीच्या कपाटात एक पिशवी ठेवून आले. परत येते तो इथे ह्यांनी कॅसेटींचं कपाट रिकामं केलेलं. सीझनला कोऱ्या कॅसेटी मिळेनात, म्हणून जुन्यांवरच शूटिंग! मी म्हटलं, त्यात काय काय होतं ते बघितलं का? "सगळं डब्यात आहे ना तुझ्या!" — हे म्हणाले.

माझा डबा! बरं आठवलं.

१६ मे

उकाड्याने जीव जातोय. भारनियमन. चौकातल्या स्टुडिओचा कॉम्प्युटर उन्हाने बसला म्हणे. माझा डबा घरघरतोय, पण चालतोय. कुणी एक शब्द काढला नाही.

६ जून

भाऊजी धुळ्याला दुकान टाकणार. वेगळे निघणार. काल जेवता जेवता सांगितलं, मीठ मागावं तसं. हे ताट सरकवून उठले. जाऊबाई आत भांडी आपटत होत्या. अक्का मात्र शांत जेवल्या. शेवटी म्हणाल्या, "अन् मी?"

मी ताटं उचलायला घेतली.

१३ जून

वाटणी झाली.

यावलचे मामा पंच म्हणून आलेले. रीत ठरलेली — थोरल्याने दोन वाटे करायचे, धाकट्याने आधी उचलायचा. थोरला लबाडी करत नाही, कारण उरलेला त्याच्या पदरात पडतो. भांड्यांना, कॅमेऱ्यांना, दिव्यांच्या स्टँडांना हे चालतं. दोन कॅमेरे — एक इकडे, एक तिकडे. पातेल्यांच्या उतरंडी — इकडे, तिकडे. कॉम्प्युटर ह्यांच्या वाट्यात, त्याबदल्यात व्हिडिओ मिक्सर आणि मोठे दिवे दुसऱ्यात.

मग ह्यांनी डब्याला स्क्रू ड्रायव्हर लावला.

मी म्हटलं, "अहो, त्या सुट्या करता येत नाहीत. सुट्या केल्या की कुणालाच काही मिळणार नाही." भाऊजी म्हणाले, "वहिनी, चाराच्या दोन-दोन होतात. मोजता येतं मला." मी पुन्हा म्हटलं. आबांचं नाव घेऊन म्हटलं! मामांनी हात वर केला — "वाटामा बाईमाणूसनी बोलानं नही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन भाऊ रागाने तांबडे झालेले आणि तोंडात आपली घरची भाषा — "दोन तुले, दोन माले. झाये!" डिस्क एकीवर एक ठेवून फडक्यात बांधल्या, पुरणाच्या पोळ्या बांधाव्यात तशा.

तिसऱ्यांदा मी बोलले नाही. बोलायचं नाही ना? बरं!

रिकामा डबा कुणाच्याच वाट्यात धरला नाही. "तो ऱ्हाऊ दे सुनंदाले." म्हणजे मला. मेहेरबानी!

सगळ्यात शेवटी अक्का. सहा महिने इथे, सहा महिने धुळ्याला. एक जुलैपासून धुळ्याची पाळी. पाळी! त्या दारात बसून ऐकत होत्या. दिव्यांच्या स्टँडांना जास्त वेळ लागला होता.

१४ जून

माझी या सीझनची सगळी कामं त्या फडक्यांत गेली. भाकरी थापली, धुणं धुतलं.

१९ जून

ह्यांनी दोन डिस्क डब्यात घालून लावून बघितल्या. काही दिसेना. माझ्यावरच ओरडले — "तू मुद्दाम केलं!" मी म्हटलं, मी तुमच्यासमोर दोनदा बोलले, मामांना विचारा. तेव्हा दार आपटून बाहेर गेले. घर आपटून मोडलं तरी दार आहेच आपटायला.

२३ जून

धुळ्याहून फोन. भाऊजींचा आवाज बारीक. "वहिनी, चारही एकत्र लावल्या तर येईल ना? मी घेऊन येतो. आबांचं तेवढं बघू."

मी विचारलं, तुमच्या दोन जशाच्या तशा आहेत ना? तर म्हणाले, तिथल्या माणसाने लावल्या, मशीनने काहीतरी विचारलं, त्याने 'हो' दाबलं.

फॉरमॅट केल्या! त्यावर साक्रीकडचं एक लग्नही चढवलं.

त्या माणसाला मशीनने तरी विचारलं.

२७ जून

भाऊजी आले. सुकदेवही. चारही डिस्क पुन्हा डब्यात बसल्या, पंखे घरघरले. सुकदेव बराच वेळ खटपट करत होता. मग हात पुसले आणि म्हणाला, "नाही निघणार काही."

भाऊजी तिथेच फरशीवर बसले. "आबांचा आवाज गेला," म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले. ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. महिन्याभराने दोघे जवळ बसले! मी चहा टाकला. मला वाईट वाटलं का? वाटलं. राग गेला का? नाही. माझी कामं गेली, त्याबद्दल त्या खोलीत कुणी हं की चूं केलं नाही. चहात साखर कमी, एवढं मात्र हे बोलले.

२९ जून

उद्या भाऊजींची जीप येणार. अक्कांची पेटी दारात काढून ठेवली आहे.

दुपारी त्या मागल्या खोलीत आल्या. बंद डब्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "सुनंदा, तूच सांग व माय. त्यासना आवाज आखो कोठे शे का?"

या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला कुणी 'तूच सांग' म्हटलं.

"आहे अक्का," म्हटलं. "मूळ कॅसेट धरणगावला आहे, वहिनीच्या कपाटात. भावाकडे व्हीसीआर आहे."

३० जून

सकाळची पहिली एसटी. आम्ही दोघी. पेटी अक्कांनी सोबत घेतलीय. परत कधी यायचं आणि कुणाकडे, ते त्या ठरवतील.