स्टार्टरसह घर

मी, तुळशीराम काशिराम घरत, मिठागराचा मालक, राहणार पनवेल. डोळे अधू झाल्यामुळे मोटार चालवणे सोडले. विचार करणे सोडलेले नाही. कोणाच्याही दबावाखाली न येता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

मिठागर पत्नी चंद्रावती हिचे. तिला कोणी सल्ला देऊ नये. मी देऊन पाहिला आहे.

राहते घर मुलगा कमळाकर याचे, पण मागच्या पडवीत उभ्या असलेल्या मोटारीसह. आमच्या हवेत मीठ आहे. ते भाजीत कमी पडते, लोखंडात कधीच नाही. म्हणून बॅटरीची तार सोडून ठेवावी. स्टार्टर कोरडा ठेवावा. त्यात गोडेतेल, तूप, तीर्थ काही घालू नये. दर अमावास्येला बॅटरी जोडून मोटार बटनावर सुरू करावी आणि इंजिन चांगले तापू द्यावे.

अटीचे कारण गावाला ठाऊक आहे. मुलगी गोदू हिच्या लग्नाआधीच्या दसऱ्याला कमळाकरने बॉनेट उघडून इंजिनावर नारळ फोडला. पाणी स्टार्टरमध्ये गेले. वरातीच्या दिवशी बटन दाबले, मोटार हूं की चूं करेना. हँडल मारणाऱ्याचे मनगट सुजले. शेवटी व्याह्यांनी ढकलली.

शालूतली गोदू आतून म्हणाली, "दादा, नारळ मोटारीपुढं जमिनीवर फोडतात रे!"

"इंजिन म्हंजे काळीज हाय तिचं. काळीज सोडून धुळीला पानी पाजू?"

जावई आजही मोटार म्हटली की बाह्या सरसावतात.

तरी घर कमळाकरचेच. मात्र माझ्या वर्षश्राद्धाला मोटार बटनावर सुरू झाली नाही, किंवा इंजिनावर पुन्हा नारळ फुटला, तर घर गोदूचे.

चंद्रावती म्हणते, "तुमी गेल्यावर चालवनार कोन? मी उरणला एसटीनं जाईन." हे नोंदवले आहे, मान्य केलेले नाही.

मला खांद्यावर न्यावे. मोटारीतून नेल्यास ढकलणाऱ्यांना ओझे वाढेल.

पुरवणी: आज खंडेनवमी. सही करण्याआधी पडवीत नारळ फुटल्याचा आवाज आला. दोन्ही साक्षीदारांनी ऐकला. कमळाकर खोबऱ्याची वाटी घेऊन आला. म्हणाला, "बाबा, आता चिंता नाय. थेट काळजावर फोडला."

घर गोदूचे. खोबरे गोड होते. ते खाऊन सही करीत आहे.

तुळशीराम काशिराम घरत

साक्षीदार:
ताहेर इब्राहिम मुकादम
शिवा हिरू म्हात्रे

पनवेल, आश्विन शुद्ध नवमी, सन १९६१