सोवळ्याच्या आड

आई, मला आज तुझा राग आला आहे. ऐकायला तू नाहीस म्हणून तो जास्तच चढतो आहे. खोकलं, शिंकलं, हसलं की माझी लघवी सुटते. चार वर्षं झाली. आज शेवटी सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. "चार वर्षं कसला मुहूर्त बघत होतात?" म्हणाल्या, आणि खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम शिकवला. मग सहज विचारलं, "आईला होता का हा त्रास?" मी म्हटलं, "छे, आई फक्त फार सोवळ्यातली होती," आणि माझी जीभ तिथेच अडकली.

दिवसातून तीनदा अंघोळ. कुणी उठायच्या आत वाळत पडलेलं लुगडं. दुपारनंतर पाण्याचा घोट नाही, कुणाकडे हळदीकुंकवाला जाणं नाही, "मला बाहेरचं चालत नाही." बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्याकडे वाऱ्यानेसुद्धा विटाळ होतो," आणि तूही हसायचीस. बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र अख्ख्या बिल्डिंगला खबर. थेंब थेंब गळायचं, तर खाली बाकावर बसून मित्रांना सांगत, "नळाचा वॉशर गेलाय हो!" त्यांचे कपडे तू धुतलेस, डॉक्टरांच्या तारखा तू लक्षात ठेवल्यास. त्याच डॉक्टरांसमोर बसून स्वतःसाठी एक शब्द काढता आला नाही तुला? आणि बाबांना तरी, इतकी वर्षं शेजारी झोपून, काहीच कळलं नाही? संताप होतो माझा.

माझी लेक दीड वर्षाची होती. "आजी" म्हणत ती तुझ्याकडे धावली आणि तू मागे सरलीस. "शिवू नकोस मला!" ती तोंडावर आपटली. मी स्वयंपाकघरात येऊन तुला म्हटलं, "ती देवाला चालते, तुला चालत नाही?" पिशव्या भरल्या आणि निघाले. दोन वर्षं माहेरचं तोंड पाहिलं नाही. तेव्हा तुझं लुगडं ओलं होतं ना? सांगायचं होतंस. मी काय तुला टाकणार होते? तू गेल्यावर तुझ्या गादीखाली मेणकापड सापडलं. मला वाटलं, नातीसाठी आणून ठेवलं असशील, आणि त्याचाही मला राग आला होता, की एवढं आणलंस आणि एकदाही तिला मांडीवर घेतलं नाहीस.

हे पत्र कुठे टाकणार? तरी एक सांगून टाकते. लेक आज ऑफिसातून लवकर आली. "डॉक्टर काय म्हणाल्या गं?" विचारलं. मी म्हटलं, गुडघे झिजलेत. आत्ता ती आत तेल कोमट करते आहे, माझ्या धडधाकट गुडघ्यांना चोळायला.