थोरली की धाकटी

२ डिसेंबर

दोन्ही मशिनं अंगणात आली! दुकानदार म्हणाला, "आठवडाभर राबवा, आवडेल ती ठेवा, दुसरी परत करा." दोन्ही चेन सॉ मोठ्या कामाच्याच, पण थोरली म्हणजे नुसता रेडा. धाकटी जरा हलकी, आणि तिची मूठ स्प्रिंगवर बसवलेली – हाताला थरथर कमी.

मला धाकटीच हवी. कारण दादाची बोटं. इतकी वर्षं मशीन धरून धरून ती आता गार हवेत पांढरीफटक पडतात, शर्टाचं बटण लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलंय, "करवत सोडा, नाहीतर बोटं सोडतील." हा म्हणतो, "बघू." याचं बघू म्हणजे नाही. आणि खरं सांगायचं तर मीही आग्रह धरत नाही. दादाने करवत सोडली की आमचं झाडतोडीचं काम बंदच. मी पडले दोरवाली, दोर ताणून झाड हव्या बाजूला पाडणारी. आमच्यात करवत धरणारा बोलत नाही. झाड पडायच्या आधी बोंब ठोकायची ती दोरवाल्याने. म्हणून तर दादा मला भोंगा म्हणतो.

३ डिसेंबर

थोरलीने वठलेलं झाड बघता बघता आडवं केलं. दादा खूश. नंतर ओंडके करायला ती माझ्या हातात दिली, मग धाकटी. "कशी वाटली?"

"तुझ्या हाताला बरी आहे धाकटी."

वैतागला. "माझं नको सांगूस. तुझ्या हाताला?"

माझ्या हाताचं काय लोणचं घालायचंय!

४ डिसेंबर

वारा सुटलाय, काम नाही. वहिनीने दादाच्या हातमोज्यांना आतून लोकर लावून दिली. तो चक्क "थँक्यू" म्हणाला. वहिनी घाबरलीच!

५ डिसेंबर

माती खाल्ली आज.

शाळेमागे उन्मळून पडलेलं झाड. खोड दोन्ही टोकांना टेकलेलं, मधे अधांतरी. असं खोड वरून कापत गेलं की ते खाली बसतं आणि काप मिटतो. मला माहीत आहे हे! दादाने शंभरदा दाखवलंय! तरी थोरलीच्या ताकदीवर भाळले आणि घातली वरून. अर्ध्यात गेली नाही तोच काप मिटला. साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी साखळीसकट आत गच्च. इंजिन बंद केलं, मग ओढलं, हिसडलं, शिव्या घातल्या. आणि मशीन दुकानदाराचं!

दादा आला, शांतपणे. "ओढू नकोस, पट्टी वाकेल. आधी इंजिन सोडवू." नट काढायला पाना घेतला आणि तो त्याच्या बोटांतून निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. बोटं मेणासारखी झाली होती. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. मग त्याने पायानेच पाना माझ्याकडे सरकवला.

नट मी काढले. इंजिन मोकळं केलं, पट्टी आणि साखळी खोडातच राहिली. "आता धाकटी घे. हातभर बाजूला. वरून थोडंसंच, मग खालून." खालून कापताना मशीन अंगावर येतं. मी पाय रोवून मशीन घट्ट धरलं. मागून त्याचं चालू – "हं... हं... घाई नको." खोड कडाडलं, दोन तुकडे झाले, अडकलेला काप सैल पडला. पट्टी अलगद हातात आली. वाकलीसुद्धा नव्हती!

रागावेल म्हणून वाट बघत होते. नाही रागावला. घरी वहिनीला म्हणाला, "मशीन अडकलं होतं, हिने सोडवलं." अडकवलं कुणी, ते गाळूनच टाकलं! असा भाऊ मला मिळाला, याचं कधी कधी रडू येतं. आज आलं.

८ डिसेंबर

दुकानदार थोरली घेऊन गेला, धाकटी राहिली. मला वाटलं होतं दादा थोरलीवर अडून बसेल. पण त्यानेच सांगितलं, "हीच ठेवू." चला, त्याच्या बोटांना जरा सुख. अजून काही वर्षं निभेल. वहिनीला मिठीच मारली मी.

९ डिसेंबर

सकाळी दादाचं हेल्मेट त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं आणि माझ्याच डोक्यावर ठेवलं. पट्टा आधीच माझ्या मापाला आवळलेला होता.

स्वतः दोर घेऊन लांब जाऊन उभा राहिला. मी धाकटी सुरू केली. एक शब्द बोलले नाही – नियम म्हणजे नियम. आणि मागून ऐकू आलं, "पडतंय! बाजूला व्हा!"

काय भसाडा आवाज आहे त्याचा!