हं, बघू, चालू ठेवा

तीर्थरूप दादा,

धाकटीचा नमस्कार. (सध्या साधाच. कोपरापासूनचा करायचा का, ते पत्राच्या शेवटी ठरवते.) तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी तुला जिना चढू देत नाही म्हणे, योग्यच करते. इकडचं म्हणशील तर आम्ही पाच दिवस हॉस्पिटलात मुक्काम ठोकून काल घरी आलो. घाबरू नकोस, पुढे वाच. निदान मी तुला ‘घाबरू नकोस’ एवढं तरी म्हटलं. आम्हाला तेवढंही कुणी म्हटलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

सोमवारी सकाळी आपली चिमणी (नात, वय सहा, जिभेचं वय साठ) पलंगावरून उतरली ती उजवा पाय टेकेचना. आदल्या आठवड्यात सर्दी-ताप होऊन गेला होता, बाकी काही नाही. लेकाने तिला तशीच उचलून हॉस्पिटलात नेली. तिथे रक्त घेतलं, सोनोग्राफी केली, खिडकीजवळची कॉट दिली आणि पायाला पट्टी गुंडाळून त्याला दोरीने एक वजन टांगलं. कशासाठी, ते गुलदस्त्यात! लेक पडला इंजिनिअर. त्याने दोरी, कप्पी आणि वजन यांचा तासभर अभ्यास करून पाय आखूड होत चालल्याचा निष्कर्ष काढला. सूनबाईने मोबाईलवर त्याहून भयंकर काहीतरी वाचलं. काय ते मला सांगितलं नाही, पण जेवण सोडलं. पोर पुन्हा चालणार की नाही, एवढा एकच प्रश्न तिघांच्या मनात होता आणि तिघंही एकमेकांशी पंख्याच्या आवाजाबद्दल बोलत होतो.

आता डॉक्टर. माणूस हुशार, हात हलका, चिमणीला सुई कळलीसुद्धा नाही. पण बोलण्याच्या नावाने शंख. रोज अकराला त्यांचा राऊंड. आम्ही साडेदहापासून केस विंचरून, प्रश्नांच्या चिठ्ठ्या हातात धरून कॉटशी ओळीने उभे, जणू तोंडी परीक्षा आमचीच. डॉक्टर येत, फाईल बघत, “हं” म्हणत. मग “बघू.” मग नर्सला “चालू ठेवा.” दीड मिनिटात बूट वाजवत पुढच्या कॉटकडे. चिठ्ठ्या आमच्या हातातच घामाने भिजायच्या. मग दिवसभर त्या तीन शब्दांवर आमचं निरूपण. लेकाच्या मते मंगळवारचा ‘हं’ सोमवारच्यापेक्षा लांब होता. बुधवारी तर त्यांनी रिपोर्ट बघता बघता नुसतं “च्” केलं. दादा, त्या एका ‘च्’ने आमची काय दशा केली म्हणून सांगू! सूनबाई बाथरूममध्ये नळ सोडून बसली. (नळ कशासाठी सोडतात ते तू जाणतोस.) मी चिमणीला गोष्ट सांगायला घेतली आणि तीनदा विसरले. “आजी, सिंह मघाशीच मेला,” असं तिनेच मला सांगितलं. गुरुवारी नर्सकडून कळलं की डॉक्टरांची दाढ दुखत होती. ते ‘च्’ दाढेचं! त्या क्षणी मला वाटलं, या माणसाला ज्याने कुणी शिकवलं त्याचे कान पिळून लाल करावेत.

कान नाही पिळले, पण वही उघडली. तुला आठवतं, शाळेत नन्स आम्हाला श्रुतलेखन घालायच्या? एक अक्षर गाळायचं नाही, आणि लिहून झालं की उभं राहून मोठ्याने वाचून दाखवायचं. अजूनही कुणी पांढरे कपडे घालून गंभीरपणे बोलू लागलं की माझा हात आपोआप चालतो. (या सवयीपायी मी लेकाच्या लग्नातली भाषणंसुद्धा उतरवून घेतली आहेत.) डॉक्टरांचंही सोमवारपासून घेतलं होतं. शुक्रवारी ते “बघू” म्हणून वळले, तशी मी चष्मा लावून उभी राहिले आणि म्हटलं, “डॉक्टर, माझं काही चुकलं असेल तर सांगा.” आणि वाचलं. “सोमवार. हं. बघू. चालू ठेवा. मंगळवार. हं. बघू. बुधवार. च्.” पाच दिवसांचं मिळून पान अर्धंही भरलं नव्हतं.

डॉक्टरांनी पायाने स्टूल ओढलं आणि ते बसले. चार मिनिटं बोलले. (मी घड्याळ लावलं होतं.) सर्दीनंतर लहान मुलांच्या खुब्यात कधी कधी पाणी साठतं, पू नाही, हाड चांगलं आहे, वजन सांध्याला आराम मिळावा म्हणून. आठवडा-दोन आठवड्यांत पोरगी धावेल. सूनबाई रडली, या वेळी नळ न सोडता. चिमणीने विचारलं, “मग आधी का नाही सांगितलं?” डॉक्टर म्हणाले, “रिपोर्ट चांगले होते ना. मला वाटलं, सांगण्यासारखं काही नाही.” दादा, यात कपट नव्हतं रे. त्या माणसाला खरंच तसं वाटलं होतं. म्हणून तर जास्त राग आला.

वहिनीला नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझी,
धाकटी

ता. क. : रागाच्या भरात मी डॉक्टरांना ऐकवलं की माझा भाऊही मुलांचाच डॉक्टर होता, कॉलेजात शिकवायचा, आणि तुझं नाव घेतलं. ते स्टुलावरून ताडकन उठले. तुझा विद्यार्थी निघाला! म्हणाले, “सर आम्हाला सांगायचे, पालकांना जितकं कमी सांगाल तितके ते कमी घाबरतील.” तेव्हा वरचा नमस्कार कोपरापासूनचा समजावा.

आणखी एक : माझ्या बाहुलीचा पाय निखळला होता तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. वाटीत गोटी फिरवून खुबा कसा असतो ते तू मला दुपारभर समजावलंस आणि माझं रडू थांबलं. सूनबाई अजून चिमणी चालायला लागली की श्वास रोखून बघते. तिला ते तसंच सांगायला ये. गुडघ्यांची सबब नको, आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. आणि उत्तरात ‘बघू’ लिहू नकोस. वाटी मी काढून ठेवली आहे, गोटी तेवढी घेऊन ये.